श्रीलंकेची निर्यात कोणत्या मापानें मोजावी ?

राष्ट्राराष्ट्रांची तुलना करणाऱ्या लेखांत व तक्त्यांत अलीकडे एक नवा प्रघात रूढ होत चालला आहे. देशाचें एकूण उत्पन्न ‘क्रयशक्तीच्या समानते’नें दुरुस्त करून डॉलरांत मांडावयाचें, ही रीत जुनी आहे व आपल्या जागीं ती योग्यही आहे. परंतु कांहीं लेखक आतां त्याच गुणकानें त्या देशाच्या मालाची निर्यातही गुणूं लागले आहेत. आणि मग ज्याच्यापाशीं तेलाचें एक जहाज उतरवून घेण्याइतकेंही परकी चलन शिल्लक नाहीं, असा एखादा लहानसा देश कागदावर मोठा सधन व्यापारी होऊन बसतो. ही रीत चुकीची आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. हा वाद केवळ पंडितांचा आहे असें समजून शेतकरीवर्गानें तो बाजूस सारूं नये, असेंही आम्हांस वाटतें. लहान देशांच्या निर्यातींत शेतमालाचा वांटा बहुधा मोठा असतो, आणि माप खोटें निघालें म्हणजे तोटा मापणाऱ्यास होत नाहीं, माल घालणाऱ्यास होतो.

उदाहरणासाठीं आम्हीं श्रीलंका घेतली आहे. सव्वादोन कोटींच्या आसपास वस्तीचें हें बेट. चहा, रबर, नारळ व दालचिनी यांवर त्याचें नांव जगांत झालेलें. आणि २०२२ सालीं त्याच्यावर जो प्रसंग गुदरला तो आपल्यापैकीं पुष्कळांनीं वर्तमानपत्रांत वाचलेला. शिवाय नासिककडील कांदा पिकविणाऱ्यांस हें गिऱ्हाईक ओळखीचें आहे. गिऱ्हाइकाच्या कनवटीस किती पैसा आहे हें नीट ठाऊक असणें विकणाऱ्याच्या हिताचें असतें, इतकें सांगितलें म्हणजे या निवडीबद्दल अधिक खुलासा नको.

प्रथम हें माप आहे तरी काय, तें पाहूं. पहिल्या महायुद्धाच्या काळांत युरोपांतील चलनांचे परस्पर भाव पार विस्कटले. तेव्हां स्वीडनमधील अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव कासेल यांनीं, दोन चलनांचा भाव त्या त्या देशांत त्या चलनाच्या अंगीं खरेदीचें जें सामर्थ्य असेल त्यावरून ठरावा, असा विचार मांडला व १९१८ सालीं त्यास क्रयशक्तीची समानता हें नांव दिलें. पुढें १९६८ सालापासून संयुक्त राष्ट्रसंघ व पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांच्या पुढाकारानें देशोदेशींच्या किंमती गोळा करण्याचें काम सुरू झालें. आज तें जागतिक बँकेच्या देखरेखीखालीं चालतें, आणि त्याची २०२१ सालची मोजणी २०२४ सालीं प्रसिद्ध झाली.

या मापाच्या मुळाशीं असलेली गोष्ट कोणाही संसारी मनुष्यास समजण्यासारखी आहे. कोलंबोंतील न्हावी व न्यूयॉर्कमधील न्हावी डोकें सारखेंच भादरतात. परंतु पहिल्याची मजुरी दुसऱ्याच्या मजुरीच्या मानानें फारच थोडी. घराचें भाडें, शिकवणी, गाडीभाडें, खाणावळींतील ताट या सर्वांचें असेंच आहे, कारण या गोष्टी जहाजांत घालून दुसऱ्या देशांत नेतां येत नाहींत. २०२१ सालीं बाजारांत एका डॉलरास लंकेचे सुमारें २०० रुपये पडत. पण अमेरिकेंत एका डॉलरांत जें मिळे तें लंकेंत घेण्यास साठांच्या आंतबाहेर रुपये पुरत. म्हणजे लंकेचें उत्पन्न बाजारभावानें डॉलरांत मांडलें तर तेथील माणूस आहे त्याहून कितीतरी दरिद्री दिसतो, व तो दोष काढण्यासाठीं आंकडा साडेतीन पट करावा लागतो. तेथील कुटुंब काय खातें-पितें, कसें राहतें, हा प्रश्न असेल तर हें माप अगदीं रास्त. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं.

निर्यातीचा प्रश्न मात्र मुळांतच निराळा आहे. कोलंबोच्या लिलावांत जो चहा विकला जातो त्याचा भाव न्हाव्याच्या मजुरीसारखा गल्लीपुरता नसतो. रशियांतील, इराकांतील वा तुर्कस्तानांतील गिऱ्हाईक जो भाव देईल तोच त्याचा भाव. केनियाचा चहा स्वस्त मिळाला तर तें गिऱ्हाईक तिकडे वळेल. लंकेंत घरभाडें स्वस्त आहे एवढ्यासाठीं तें एक पै अधिक देणार नाहीं. बंदरांतून एक पेटी निघाली तर पलीकडे एकच पेटी उतरते, तिच्या साडेतीन पेट्या होत नाहींत. आपल्याकडे पूर्वीं पायली नांवानें एक पण तालुक्यागणिक तिची भरती निराळी असे. तेव्हां एका गांवच्या पायलीनें धान्य देऊन दुसऱ्या गांवच्या पायलीनें हिशेब मांडणाऱ्या व्यापाऱ्यास आपले वडील काय म्हणत, तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

आतां या पायलीनें २०२१ सालचा लंकेचा हिशेब मांडून पाहूं. त्या सालीं लंकेनें सुमारें १२.५ अब्ज डॉलरांचा माल बाहेर विकला व सुमारें २०.६ अब्ज डॉलरांचा माल बाहेरून आणला. म्हणजे आठ अब्जांची तूट. निर्यातीस साडेतीन पट करणाऱ्या गृहस्थांच्या तक्त्यांत मात्र हीच निर्यात ४३-४४ अब्जांची दिसेल, आणि आयातीशीं ताडून पाहिली तर लंकेच्या पदरीं तेवीस अब्जांचें वाढावें पडलेलें आढळेल. कोणी म्हणेल, आयातीसही तोच गुणक लावा. तसें केलें तर तूट अठ्ठावीस अब्जांवर जाते, व ज्या देशाचें एकूण उत्पन्न बाजारभावानें नव्वद अब्जांच्या आंत, त्यानें एवढी तूट कोठून भरून काढली हें कोडें उभें राहतें. दोन्ही आंकडे सारखेच निरर्थक. खरी गोष्ट काय घडली ? १२ एप्रिल २०२२ रोजीं लंकेच्या सरकारनें परकी कर्जाची फेड थांबवीत असल्याचें जाहीर केलें. पेट्रोलसाठीं व स्वयंपाकाच्या वायूसाठीं लोक दिवसेंदिवस रांगेंत उभे राहिले, औषधें संपलीं, आणि जुलैमध्यें जमाव राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यांत शिरला. तेलाच्या जहाजावरील कप्तानास समानतेचे डॉलर दाखवून भागत नव्हतें. त्यास बाजारांतले डॉलर हवे होते.

या प्रसंगाच्या आधीं लंकेनें शेतीच्या बाबतींत जो निर्णय घेतला तो आमच्या वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. मे २०२१ मध्यें सरकारनें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. सेंद्रिय शेतीचें कारण पुढें केलें गेलें. परकी चलन वांचावें हाही हेतु त्यामागें होता, असें पुष्कळ जाणत्यांचें मत आहे. नोव्हेंबरमध्यें बंदी उठली, पण तोंवर भाताचा हंगाम हातचा गेला व चहाच्या झाडांची उपासमार झाली. २०२१ सालीं चहाचें उत्पादन सुमारें ३० कोटी किलो होतें. २०२२ सालीं तें सुमारें २५ कोटींवर आलें. जमिनीच्या खतास कात्री लावून डॉलर वांचविण्याचा हा हिशेब. सेंद्रिय खताचे आम्ही पक्षपाती आहों. पण शेणखताचा एक उकिरडा मुरावयास किती महिने लागतात हें ज्यानें पाहिलें आहे, तो देशाचें सारें खत एका फतव्यानें बदलूं म्हणणार नाहीं.

असो. या दोन वर्षांतील चहाच्या निर्यातीचे आंकडे निरनिराळ्या मापांनीं मांडून पाहण्यासारखे आहेत, व आमच्या मतें सगळ्या वादाचा निकाल त्यांतच आहे. लंकेच्या रुपयांत पाहिलें तर २०२१ सालीं सुमारें २६० अब्ज रुपयांचा चहा बाहेर गेला व २०२२ सालीं ४०० अब्जांवर रुपयांचा. म्हणजे निर्यात दीडपट वाढली असें सरकारास सांगतां आलें असतें. वजनानें पाहिलें तर ती २८ कोटी ६० लाख किलोंवरून सुमारें २५ कोटींवर उतरली. डॉलरांत पाहिलें तर सुमारें १.३२ अब्जांवरून १.२६ अब्जांवर आली, म्हणजे घट अगदीं थोडी. पण जो देश चहा विकतो तो डॉलर जमवून पुरून ठेवण्यासाठीं विकत नाहीं. त्या डॉलरांनीं त्यास तेल, खत व गहूं आणावयाचा असतो. कच्चें तेल २०२१ सालीं जागतिक बाजारांत सरासरी ७१ डॉलर पीप होतें, तें २०२२ सालीं शंभरांवर गेलें. त्या भावानें पहिल्या वर्षींच्या चहांत एक कोटी पंचाऐशीं लाख पिपें तेल आलें असतें. दुसऱ्या वर्षींच्या चहांत एक कोटी पंचवीस लाखच. युरियाचा जागतिक भाव टनास सरासरी ४८३ डॉलरांवरून ७०० डॉलरांवर गेला. त्या मापानें चहाचें मोल सत्तावीस लाख टनांवरून अठरा लाख टनांवर आलें. डॉलरांत जी घट शेंकडा पांचांची दिसत होती, ती तेलांत व खतांत मोजतांच शेंकडा तेहतिसांची निघाली.

आणि क्रयशक्तीच्या समानतेचें माप या वेळीं काय सांगतें ? येथें त्याचें सर्वांत विपरीत रूप दिसतें. रुपयाचा भाव २०२२ च्या आरंभीं डॉलरास २०० होता, तो मेपर्यंत ३६० च्या घरांत गेला. देशांतील महागाईही भयंकर वाढली, तरी रुपयाच्या घसरणीइतकी ती वाढली नाहीं. परिणामीं बाजारभाव व समानतेचा भाव यांमधील अंतर रुंदावलें, व साडेतीनचा गुणक चारांवर गेला. म्हणजे देशाचें दिवाळें जसजसें जवळ येतें, तसतशी त्याची ‘दुरुस्त’ निर्यात फुगत जाते. चलन बुडालें कीं निर्यात मोठी दिसावी, असें माप घेऊन कोणी कसला निर्णय करणार ? उलट दिशेचें उदाहरण हवें असेल तर स्वित्झर्लंडकडे पाहावें. तेथें न्हाव्यापासून वैद्यापर्यंत सर्वच महाग असल्यामुळें गुणक एकाहूनही खालीं येतो. मग तेथील घड्याळें व औषधें यांची निर्यात आहे त्याहून कमी ठरते. झुरिकमध्यें हजामत महाग म्हणून घड्याळ स्वस्त धरावयाचें, असा हा न्याय आहे.

ज्यांनीं हें माप घडविलें त्यांनीं स्वतः ही चूक केलेली नाहीं, हेंही नमूद केलें पाहिजे. जागतिक बँकेच्या मोजणींत घरखर्च, सरकारी खर्च, बांधकाम, यंत्रें या सर्वांस निरनिराळे क्रयशक्तीचे गुणक लावतात. पण निर्यात व आयात यांच्या फरकाची बाब आली कीं तेथें बाजारांतील हुंडणावळीचाच भाव धरतात. पेनसिल्व्हेनियांतील विद्वानांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या कोष्टकांत २०१३ सालापासून एक पाऊल पुढें गेलें आहे. तेथें निर्यातमालाच्या व आयातमालाच्या स्वतःच्या किंमतींची देशोदेशीं तुलना करून त्यांसाठीं वेगळे गुणक काढलेले आहेत. चहाची तुलना चहाशीं व कापडाची कापडाशीं, घरभाड्याशीं नव्हे. असा गुणक काढणें कष्टाचें आहे. पण एका देशाचा माल दुसऱ्या देशाच्या मालाशीं परिमाणानें ताडून पाहावयाचाच असेल तर हाच मार्ग प्रामाणिक होय. तयार गुणक उचलून सगळ्यांस सरसकट लावणें सोपें, एवढाच त्याचा गुण.

तक्तेकारांची आणखी एक लकब येथें सांगावीशी वाटते. निर्यात बाजारभावाच्या डॉलरांत घ्यावयाची, देशाचें उत्पन्न समानतेच्या डॉलरांत घ्यावयाचें, व एकास दुसऱ्यानें भागून हा देश व्यापारांत किती शिरलेला आहे तें ठरवावयाचें. या रीतीनें लंकेची निर्यात उत्पन्नाच्या शेंकडा चार निघते, आणि हा देश दारें बंद करून बसला आहे असा उपदेश त्यास करतां येतो. दोन्ही आंकडे बाजारभावानें घेतले तर २०२२ सालीं तें प्रमाण शेंकडा सतरांच्या घरांत होतें. तेंही कमीच, कारण २००० सालीं तें एक तृतीयांशाच्या आसपास होतें. आणि लंकेच्या खऱ्या दुखण्याचा एक धागा या घसरणींत आहे. पण तो धागा हातीं लागण्यासाठीं वरच्या व खालच्या आंकड्यांचें माप एक पाहिजे.

मग निर्यातीची क्रयशक्ति मोजूंच नये काय ? मोजावी, अवश्य मोजावी. पण ती घरांतली नव्हे, बाहेरची. विकलेल्या मालांत बाहेरून काय व किती येतें, हा प्रश्न विचारावा. निर्यातीच्या एकूण मोलास आयातमालाच्या किंमतींच्या निर्देशांकानें भागलें म्हणजे त्याचें उत्तर मिळतें, व संयुक्त राष्ट्रसंघाची व्यापार व विकास परिषद असे निर्देशांक प्रसिद्धही करते. कच्चा माल विकणाऱ्या देशांस याच बाबतींत दीर्घकाळ तोटा सोसावा लागतो, हा सिद्धांत राउल प्रेबिश व हान्स सिंगर यांनीं १९५० सालीं मांडला, तेव्हांपासून त्यावर वाद चालू आहे. आपल्या शेतकऱ्यास तो पुस्तकांतून शिकावयास नको. एका गोणी खतास किती क्विंटल कांदा घालावा लागला, हा हिशेब तो दर हंगामास करीतच असतो.

लंकेनें हें माप एकदां तराजूच्या कांट्यावर प्रत्यक्ष धरलेलें आहे. १९५२ सालीं, ज्या वेळीं त्या देशास सिलोन म्हणत, तेथें तांदुळाची टंचाई पडली होती व रबराचा भाव कोसळला होता. त्या वेळीं सिलोननें चीनशीं करार केला, कीं पांच वर्षें दरसाल पन्नास हजार टन रबर द्यावयाचें व दोन लाख सत्तर हजार टन तांदूळ घ्यावयाचा. कोरियांतील युद्धामुळें चीनला रबर विकणें अमेरिकेस मान्य नव्हतें, तरीही सिलोननें तो सौदा केला. सरळ सांगावयाचें तर एक टन रबरास ५.४ टन तांदूळ, हा त्या निर्यातीचा भाव. त्यांत डॉलर नाहीं, गुणक नाहीं, आणि कोणास कांहीं विचारावयासही नको. पुढें कितीतरी वर्षें हा करार वेळोवेळीं नवा होत गेला. डिसेंबर २०२१ मध्यें पुन्हा तसाच प्रसंग आला. इराणकडून पूर्वीं घेतलेल्या तेलाचें २५ कोटी १० लाख डॉलरांचें देणें दरमहा पन्नास लाख डॉलरांचा चहा पाठवून फेडावें असें ठरलें. चार वर्षांहून अधिक काळ दरमहा चहा जावा तेव्हां तें देणें फिटेल.

निर्यातीच्या मोलांतून आणखी एक वजावट केली पाहिजे, ती बाहेरून आणलेल्या कच्च्या मालाची. लंकेच्या निर्यातींत पांचांपैकीं दोन हिश्श्यांहून अधिक वांटा तयार कपड्यांचा आहे. पण त्यांतील बरेंचसें कापड, बटणें व दोरा परदेशांतूनच येतो. चहाची गोष्ट तशी नाहीं. त्याची जमीन, पाऊस व खुडणारे हात सारे घरचे. खत व इंधन तेवढें बाहेरचें. म्हणून कपड्याचा एक डॉलर व चहाचा एक डॉलर यांस एकाच ओळींत बसविणें बरोबर नाहीं. शेतमालाची बाजू येथें तक्त्यांत दिसते त्याहून भक्कम आहे, व ती मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आमच्याविरुद्ध एक आक्षेप येईल व तो पोरकट नाहीं. चहाचा डॉलर शेवटीं रुपया होऊन मळ्यावरील मजुराच्या हातांत पडतो, व तो मजूर तो रुपया लंकेंतच खर्च करतो. मग घरांतली क्रयशक्ति कां मोजूं नये? मजुराच्या पोटाचा प्रश्न असेल तर जरूर मोजावी. केनियांतील खुडणारी व लंकेंतील खुडणारी यांच्या मजुरीची तुलना त्याच मापानें केली पाहिजे. परंतु मार्च २०२१ मध्यें लंकेंत मळ्यावरील रोजमुरा एक हजार रुपये ठरला, तो त्या वेळच्या भावानें पांच डॉलर होता. वर्षभरानें तोच हजार रुपये तीन डॉलरांच्या खालीं गेला. मळ्यावरील कुटुंबाची रोटी परदेशी गव्हाच्या पिठाची, दिव्याचें रॉकेल परदेशी. त्या बाईस घरभाडें स्वस्त आहे या गोष्टीचा काय उपयोग ? ती तर मळ्याच्या चाळींतच राहते. म्हणजे ज्या गरिबाच्या नांवानें हें माप पुढें केलें जातें, त्याच्याच बाबतींत तें सर्वांत जास्त फसतें.

आतां आपल्याकडे वळूं. लंकेस मोठा कांदा मुख्यतः भारतांतून जातो. २०२२ च्या संकटांत भारतानें त्या देशास सुमारें चार अब्ज डॉलरांचें साहाय्य केलें, त्यांत युरियासाठीं साडेपांच कोटी डॉलरांचें कर्ज होतें व त्यांतून ६५,००० टन युरिया जावयाचा होता. शंभर कोटींहून अधिक डॉलरांचा चहा विकणाऱ्या देशास एवढ्या खतासाठीं शेजाऱ्याच्या दारीं जावें लागलें. अशा देशाची निर्यात ४४ अब्ज डॉलरांची समजून त्याच्याशीं उधारीचा व्यवहार करणाऱ्या कांदा-व्यापाऱ्याचें काय होईल, तें सांगावयास नको. दुसरीकडे ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ पर्यंत आपल्याच सरकारनें कांद्याची निर्यात बंद ठेवली, मधून सरकारी वाटेनें कांहीं देशांस थोडा माल दिला, आणि बंदी उठवितांना किमान भाव व शेंकडा चाळीस कर बसविला. त्या निर्णयाची किंमत डॉलरांत किती, याचे आंकडे छापून आले. त्या कांद्यांत किती खत आलें असतें, हा आंकडा कोणीं काढल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे, कीं शेतकरीसंघांनीं व त्यांच्या मासिकांनीं निर्यातीचे तक्ते छापतांना तीन रकाने ठेवावे : माल किती क्विंटल गेला, त्याचे बाजारभावानें डॉलर किती आले, आणि त्या डॉलरांत त्या महिन्याच्या जागतिक भावानें खत किती मिळतें. द्राक्षें, कांदा, केळीं, डाळिंबें या चार मालांपासून आरंभ करतां येईल. खतांत युरियाचा भाव देणें सोपें आहे, पण युरिया आपण बराचसा घरीं करतों. पालाश मात्र सारें बाहेरून येतें. तेव्हां तिसऱ्या रकान्यांत पहिलें माप पालाशाचें धरावें.